पान्यांची पिशवी

प्रवासाची दैनंदिनी, हप्ता पहिला : पुणे ते कोल्हापूर, कोकणातून

दिवस पहिला : पुणे – ताम्हिणी – दिवेआगर

सहाला निघायचं ठरलं होतं. निघता निघता सव्वासात वाजले, आणि ते झेंडूच्या हारामुळे. दसरा होऊन दोनच दिवस झालेत. भाचीने गाडी धुऊन-पुसून हँडलला हार बांधला होता. फुलं सुकून गळून गेली, हार तुटला आणि त्याचा नायलॉनचा दोरा पुढच्या चाकाच्या एक्सलभोवती गुंडाळला गेला. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी निघायच्या आधी गाडीला एक फेरी मारते, तेव्हा डिस्कच्या आतल्या बाजूला काहीतरी पिवळट दिसलं. गाडी इंच-इंच पुढे ढकलत, ब्लेडने कापत, चिमट्याने ओढत तो दोरा काढला. चांगला हातभर निघाला. असा दोरा चाकाच्या रबरी सीलखाली शिरला की सील फाटतं, तिथून पाणी आत जातं, आणि दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग वाजायला लागलं की आपण खड्ड्यांना दोष देतो.

हार जरूर घालावा, मीही घालते. पण संध्याकाळी कात्रीने काढून ठेवावा.

आम्ही दोघी, दोन गाड्या. माझी १२५ सीसीची, सात वर्षांची, कार्ब्युरेटर आणि किक असलेली. मी रोज धनकवडीहून भोसरीला जाऊन-येऊन ४५ किलोमीटर करते, अकरा वर्षं झाली. भाचीची १६० सीसीची, आठ महिन्यांपूर्वी पहिल्या नोकरीतून घेतलेली. ती हिंजवडीला जाते. ताईने मला एवढंच सांगितलं, "तिला नुसती फिरवून आणू नकोस, गाडी कशी बघायची ते शिकवून आण." ही दैनंदिनी त्यासाठीच. रोज गाडीवर कामाला जाणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल तेवढं लिहायचं, असं मनाशी धरलं आहे.

हेल्मेटची गोष्ट मात्र काल रात्रीची. भाचीचं हेल्मेट कॉलेजात असताना रस्त्याकडेच्या ढिगातून ७०० रुपयांना घेतलेलं. मी तिला पट्टा नीट आवळायला लावला, मागे उभी राहिले, हेल्मेटच्या मागच्या कडेखाली बोटं घातली आणि वर-पुढे ढकललं. पट्टा बांधलेला असताना हेल्मेट कपाळावरून सरकत तिच्या नाकावर आलं. आणखी थोडा जोर लावला असता तर माझ्या हातात आलं असतं. ती गप्प झाली. तिच्या भुवयांच्या वरून शिवणकामाची टेप फिरवली तर माप निघालं ५६ सेंटीमीटर, आणि ती वापरत होती ६० चं.

दुकान बंद व्हायच्या आत धावत गेलो. आतल्या स्टिकरवर आय.एस. ४१५१ आणि आयएसआयची खूण पाहिली. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेलं हेल्मेट दुचाकीसाठी विकता येत नाही, तरी ढीग अजून लागतातच. तिला दुकानात दहा मिनिटं हेल्मेट घालून बसवलं. दुकानदाराने चहा मागवला, हे त्याचं मोठेपण. गाल थोडे दाबले जायला हवेत, कपाळाशी बोट शिरता कामा नये, डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर वळलं पाहिजे. कपाळावर एकाच ठिकाणी ठणकलं तर तो आकार आपला नाही, दुसरा बघायचा. गालाच्या गाद्या महिनाभरात दबतात, म्हणून सुरुवातीला घट्टच घ्यावं.

जीव वाचवतं ते आतलं थर्माकोल. डोकं आपटलं की ते चेपतं आणि तो धक्का स्वतःत घेतं. एकदा चेपलं की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी बदलायचं, आणि आरशाच्या टोकावर हेल्मेट अडकवून ठेवायचं नाही. आरशाचं टोक नेमकं त्याच थर्माकोलला खड्डा पाडतं. पुण्याच्या कुठल्याही सिग्नलला बघा, दहातली तीन हेल्मेटं आरशावर किंवा कोपरात असतात.

पौडच्या पुढे एका पंपावर हवा बघितली. भाचीच्या दोन्ही चाकांत ४० निघाली. चेनकव्हरच्या स्टिकरवर पुढे २५, मागे २८ लिहिलेलं. "मावशी, पंपावरचा मुलगा म्हणाला, जास्त हवा म्हणजे जास्त ॲव्हरेज." ॲव्हरेज थोडं वाढतंही, पण टायरचा रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, मधली पट्टी आधी झिजते आणि ओल्या वळणावर गाडी निसटते. आपला टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढा टेकतो. त्या तळहातावर आपण आणि आपली गाडी. हवा टायर थंड असताना बघायची, कारण चालून तापला की आकडा दोन-तीनने वर दिसतो. मी माझा पेनाएवढा गेज जवळ ठेवते. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत, हे मी अकरा वर्षांत पुरेपूर बघितलंय.

ताम्हिणीत धुकं. घाट उतरताना भाची सतत मागचा ब्रेक दाबून होती, तिचा लाल दिवा विझेचना. निवे गाव मागे पडल्यावर तिला थांबवलं. उतारावर ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक लावायचा वळणाआधी, दोन्ही मिळून, आणि सोडायचा. सारखा घासत राहिलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी दाबूनही धरत नाही. पुढचे सहा-सात किलोमीटर मी मागे राहून तिचा दिवा बघत होते. तो वळणाआधी लागून विझायला लागला तेव्हा पुढे गेले.

निजामपूर, माणगाव, म्हसळा. दिवेआगरला पोहोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. सुपारीच्या वाडीतलं घर, अंगणात गाड्या. जेवण होईपर्यंत आणखी काही नाही.

दिवस दुसरा : दिवेआगर – हरिहरेश्वर – हर्णै

श्रीवर्धनपर्यंतचा शेखाडीचा रस्ता समुद्राला लागून जातो. भाचीला गाडी वाळूत न्यायची होती, फोटोसाठी. मी नाही म्हणाले. ओली वाळू चेनला चिकटते आणि चेन-स्प्रॉकेट आतून घासून काढते. खारं पाणी बसलं की स्पोकपासून सायलेन्सरपर्यंत सगळीकडे गंज. फोटो रस्त्यावरूनही येतो. तिने काढला, छान आला.

बागमांडल्याला फेरीबोट. पलीकडे वेसवी, मधे सावित्रीची खाडी. ज्यांनी कधी मोटरसायकल बोटीत चढवली नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. बोटीचा लोखंडी उतरता पत्रा ओला असतो, त्यावर शेवाळ असतं, आणि तो जेटीला टेकतो तिथे हातभर पाणी खेळत असतं. पहिला गिअर, गाडी सरळ, अंग ताठ, पुढच्या ब्रेकला हात नाही, मधेच थांबायचं नाही. समोरचा थांबला असेल तर पत्र्यावर चढायचंच नाही, जेटीवर थांबायचं. भाचीच्या पुढे एक डबलसीट गाडी पत्र्यावर थांबली, मागे बसलेल्या काकूंनी पाय टेकला तो सरकला, आणि गाडी अगदी सावकाश आडवी झाली. कोणाला लागलं नाही. बोटीवरच्या दोन मुलांनी उचलली. काकूंची ओढणी मात्र मागच्या चाकापासून चार बोटांवर होती. ओढणी, पदर, रेनकोटचं टोक, बॅगेचा लोंबता पट्टा, हे सगळं बसायच्या आधी खोचून, गाठ मारून बघायचं. साडीगार्ड आजकाल पोरं "लूक जातो" म्हणून काढून टाकतात. घरात मागे बसणारं कोणी असेल तर काढू नका, हे मी हात जोडून सांगते.

बोटीत गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केलं, साइड स्टँड लावला, पुढचा ब्रेक लिव्हर रबराने हँडलला बांधला आणि गाडीपाशीच उभ्या राहिलो.

केळशी सोडली आणि परतीच्या पावसाने गाठलं. रेनसूट घालेपर्यंत अर्ध्या भिजलो. आंजर्ल्याच्या अलीकडे भाचीची गाडी एकदम बंद. किल्ली फिरवली तर मीटरवर एकही दिवा नाही. तिच्या गाडीला किक नाही, आणि विजेशिवाय टाकीतला पेट्रोलचा पंपही चालत नाही. ढकलून काही उपयोग नव्हता.

एका बंद टपरीच्या पत्र्याखाली गाडी घेतली. सीट काढली, फ्यूजचा डबा उघडला. मुख्य फ्यूजमधली ती बारीक तार वितळून तुटलेली. डब्याच्या झाकणातच जादा फ्यूज असतो, भाचीला तो तिथे असतो हेच माहीत नव्हतं. तिने लगेच लावायला घेतला. मी हात धरला. फ्यूज कशाने गेला ते सापडल्याशिवाय दुसरा लावला तर तोही जाणार, आणि आपल्याकडे एकच होता.

सापडायला वेळ लागला नाही. तिने पुण्यात गाडी घेतल्या-घेतल्या लावून घेतलेले दोन जादा एलईडी दिवे. ते लावणाऱ्याने हेडलाइटच्या मागची तार सोलून तिथेच दिव्यांची तार पिळून जोडली होती, वर काळी टेप. ती तार पुढे हँडलच्या मानेपाशी आली होती, कसल्याही नळीशिवाय. हँडल वळेल तेव्हा प्रत्येक वेळी ती चॅसीच्या कडेवर घासत होती. आठ महिन्यांत वरचं प्लास्टिक नखाएवढं घासून गेलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं, लालसर, ओलं. पाऊस, वळण, तांबं लोखंडाला टेकलं, फ्यूज गेला. फ्यूजने आपलं काम चोख केलं होतं.

ती तार जोडाजवळ कापली, टोकाला टेप गुंडाळली, नवा फ्यूज बसवला, गाडी पहिल्या बटणाला सुरू. पाऊण तास गेला.

जादा दिव्यांना माझा विरोध नाही. रात्री गावाकडे जाणाऱ्याला ते लागतात. पण त्यांची तार थेट बॅटरीपासून घ्यायची, तिला स्वतःचा वेगळा फ्यूज आणि रिले लावायचा, तार नळीतून न्यायची आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कुठे ताणते का ते बघायचं. दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांखाली राहील इतका खाली. हे करून मिळत नसेल तर दिवे लावू नका. आणि फ्यूज नाही म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तार लावून देणारे भेटतात, त्यांना हात जोडून पुढे निघायचं. त्या चांदीने फ्यूज वाचतो आणि पूर्ण वायरिंग जळतं.

भाचीने आठ महिन्यांत दिवे, हँडलच्या टोकाचे आरसे, मोबाइलचा होल्डर यांवर ९,००० रुपये घातले होते. तेवढ्यात चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि साधं जॅकेट आलं असतं. हे तिने स्वतःच हर्णैला पोहोचल्यावर कागदावर मांडलं, मी काही बोलले नाही. तिच्या मोबाइलचा कॅमेराही गेल्या महिन्यापासून थरथरतो. हँडलवरच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं आतलं नाजूक यंत्र बिघडतं. दोघींनी ठरवलं, मोबाइल खिशात, रस्ता कानात सांगू दे.

दिवस तिसरा : हर्णै – दाभोळ – गुहागर – मालगुंड

सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघितला, समोर सुवर्णदुर्ग. मग दाभोळ, तिथून वाशिष्ठी ओलांडून धोपावे. भाचीने आज बोटीत गाडी न सांगता सरळ चढवली.

धोपाव्याहून वर येणाऱ्या चढावर माझी क्लचकेबल तुटली.

हे माझ्या चुकीने झालं आणि ते तसंच लिहिते. आठ-दहा दिवस क्लचचा लिव्हर मला किंचित खरखरीत लागत होता, दाबताना मधे कुठेतरी अडकल्यासारखा. मी मनाशी म्हटलं, पावसाचं पाणी गेलं असेल, तेल घालू. घातलं नाही. चढावर तिसऱ्यातून दुसरा टाकताना बोटांखाली बारीक "टच्" झालं आणि लिव्हर हँडलला येऊन टेकला. गिअरमध्येच ब्रेक दाबून गाडी बंद पाडली आणि कडेला घेतली.

भाचीचा चेहरा उतरला. "मावशी, इथे आता गॅरेज कुठे?" गॅरेजची गरज नव्हती. माझ्या गाडीत दुसरी क्लचकेबल जुनीच्या शेजारून, त्याच वाटेने, टाकीखालून आधीच ओढून ठेवलेली आहे, दोन्ही टोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेप मारलेली. लांब जाणारे बरेच जण हे करतात, रोज जाणाऱ्यांनी का करू नये? केबल तुटते ती घाटातच असं नाही, स्वारगेटच्या चौकात संध्याकाळी सातला तुटली तर त्याहून अवघड. केबल दीड-दोनशे रुपयांना मिळते. ओढून ठेवायला एकदाच अर्धा तास लागतो, कारण टाकीखालची वाट किचकट असते. ती वाट तयार असली की बदलणं वीस मिनिटांचं काम.

भाचीला करायला बसवलं. लिव्हरपाशी जो फिरवायचा तुकडा असतो त्याला एक फट असते, लिव्हरलाही फट असते. दोन्ही फटी एका रेषेत आणल्या की केबल बाजूने निघते आणि तिच्या टोकाचा मणी लिव्हरच्या भोकातून खाली पडतो. तो पडला तेव्हा तिने उचलून तळहातावर घेतला आणि आम्ही दोघी उन्हात तो बघत बसलो. मण्यापाशी तारांचा पिळा तुटला होता. पण सगळ्या तारा सारख्या नव्हत्या. बहुतेक तारांची टोकं तांबूस, गंजलेली. फक्त चार-पाच टोकं चांदीसारखी चकचकीत. गंजलेल्या आधीच कधीतरी एकेक करून तुटल्या होत्या, त्या खरखरीतपणाच्या दिवसांत. चकचकीत होत्या त्या आत्ताच्या. म्हणजे भोसरीहून इथपर्यंत माझी गाडी त्या चार-पाच तारांवर आली होती. तो मणी मी फेकला नाही, पिशवीत ठेवला आहे.

नवी केबल बसवली, खालचं टोक इंजिनाच्या आर्मला लावलं, आणि लिव्हरला खेळ ठेवला. लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिलिमीटर मोकळा हलला पाहिजे. अजिबात खेळ नसला तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेट जळतात. फार असला तर गिअर कडकडत पडतात. हे बोटांना कळतं. माझी बोटं लहान आहेत, म्हणून मी लिव्हर त्याच्या कंसासकट थोडा खाली फिरवून घेतला आहे, मनगट सरळ राहील असा. भाचीचंही करून दिलं. गाडी शोरूममधून येते ती कोणाच्या तरी सरासरी हाताला बसेल अशी. ती आपल्या हाताला बसवायला एक ॲलन-की पुरते.

"तुला हे कोणी शिकवलं, मावशी?"

अकरा वर्षांपूर्वी मी आधीच्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला गेले तेव्हा गॅरेजवाल्याने माझं अर्धं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घरातल्या कोणाला तरी पाठवा, त्यांना समजावून सांगतो." माझ्याच गाडीबद्दल. मी घरी आले आणि गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल उघडलं. ते मराठीत नव्हतं, पण चित्रं होती. त्या रविवारी स्पार्क प्लग काढून परत बसवला. पुढच्या रविवारी ऑइल बघितलं. तेव्हापासून एक वही आहे, तीत किलोमीटर आणि काय केलं ते लिहिते. आजची नोंद भाचीने तिच्या अक्षरात केली.

जेवणानंतर हेदवी, तवसाळ, तिसरी फेरीबोट, जयगड. संध्याकाळी मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव आहे म्हणून स्मारकात जायचं होतं, उशीर झाला, बंद झालं होतं.

दिवस चौथा : मालगुंड – रत्नागिरी

मुद्दाम थोडाच प्रवास. आज धुण्याचा दिवस.

तीन दिवस खाडीचा वारा आणि बोटीवरचे तुषार. रत्नागिरीत जिथे उतरलो तिथे विहिरीचं पाणी होतं. बादली, मग आणि जुना टी-शर्ट. गाडी थंड झाल्यावर वरून गोडं पाणी सोडायचं, मग साबणाचं, मग पुन्हा गोडं. धुलाई केंद्रातला जोराचा फवारा मी चाकाच्या मध्यावर, चेनवर, हँडलच्या बटणांवर आणि सायलेन्सरच्या तोंडात कधीच मारू देत नाही. तो फवारा सील ओलांडून ग्रीस धुऊन नेतो. धुतल्यावर गाडी दोन किलोमीटर चालवून, ब्रेक हलके दाबत वाळवून आणायची. ओली झाकून ठेवायची नाही, विशेषतः कव्हर घालून तर नाहीच.

वाळेपर्यंत ऑइल बघितलं. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून. माझ्या गाडीची काडी बघताना आट्यांवर फिरवायची नसते, नुसती टेकवायची. काही गाड्यांना काच असते. एवढ्याशा इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असतं, त्यात पाव लिटर कमी पडलं तर किती फरक पडतो याचा विचार करा. मोटरसायकलला कारचं ऑइल घालायचं नाही. आपला क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, कारच्या ऑइलातली निसरडी द्रव्यं त्याला घसरवतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए २ लिहिलेलं बघायचं.

दुपारी बाजारात जाऊन दुसरी क्लचकेबल घेतली, फ्यूज चार. काउंटरवरच्या आजोबांनी जुनी केबल मागितली, दोन्ही टोकं मापून मगच नवी काढून दिली. भाचीने सामान बांधायच्या त्या हुकवाल्या रबरी दोऱ्यांकडे हात नेला. मी तिला पट्टे घ्यायला लावले, बक्कलवाले. रबरी दोरी ताणताना हुक सुटला तर थेट डोळ्यावर येतो, आणि चालत्या गाडीत सुटला तर मागच्या चाकात. हेल्मेटाखेरीज आणखी कशाबद्दल मी इतकी हट्टी असेन तर ती ही दोरी.

संध्याकाळी पाऊस. व्हायझरला आतून वाफ येते म्हणून भाची वैतागली होती. भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतल्या बाजूने बोटाने पसरायचा, वाळू द्यायचा, मऊ सुती कापडाने चकचकीत पुसायचा. दोन-तीन दिवस वाफ धरत नाही.

दिवस पाचवा : रत्नागिरी – आंबा घाट – कोल्हापूर

१३० किलोमीटर, त्यातला घाट सोडला तर लिहिण्यासारखं फार नाही. साखरप्यापुढे चढ लागला. घाटात ट्रकमागे धीर धरून. ट्रकच्या अगदी मागे लागून राहिलं की समोरचा खड्डा त्याच्या चाकाखालूनच आपल्यापुढे येतो, म्हणून अंतर ठेवलं. भाची आता माझ्यापेक्षा जास्त अंतर ठेवते.

कोल्हापुरात चारला पोहोचलो. मुक्कामाच्या ठिकाणी फरशीचं सपाट अंगण होतं, चेन बघायला अशी जागा मिळणं चांगलं. चेन चालून आल्यावर, थोडी गरम असताना बघायची. सगळ्यात आधी किल्ली काढून खिशात. इंजिन चालू ठेवून, मागचं चाक फिरत असताना चेन पुसणारे लोक मी बघितले आहेत, आणि त्यातल्या एकाची दोन बोटंही बघितली आहेत. चाक हातानेच फिरवायचं.

भाचीने स्वतःची चेन केली. मी पायरीवर बसले. मेन स्टँड, खालच्या चेनला मधोमध बोटाने वर-खाली, शेजारी पट्टी धरून. तीस मिलिमीटरच्या वर हलत होती, तिच्या मॅन्युअलमध्ये वीस ते तीस. चाक थोडं फिरवून पुन्हा, पुन्हा फिरवून पुन्हा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते आणि जिथे सगळ्यात घट्ट असते तिथलं माप धरायचं. एक्सलचा मोठा नट सैल. मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर अर्धा-अर्धा आटा, एकदा उजवा, एकदा डावा. स्विंगआर्मवरच्या बारीक रेघा दोन्हीकडे सारख्या. पंचवीसवर आली. फडका चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे दाबून चाक मागे फिरवलं, म्हणजे एक्सल पुढे ॲडजस्टरला टेकतो, आणि तसंच धरून नट घट्ट. मग पुन्हा मोजलं, कारण नट आवळताना ताण बदलतो. फडक्याने पुसून आतल्या बाजूने चेनचं तेल, थेंब-थेंब, आणि जास्तीचं पुसून टाकलं, नाहीतर ते टायरवर उडतं.

तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तिने वहीत ओळ लिहिली, किलोमीटर टाकले, आणि मग न विचारता माझ्या गाडीच्या मागे जाऊन उकिडवी बसली. माझी चेन मीच निघायच्या आदल्या दिवशी केली होती.

"मावशी, ये इकडे. तुझी डावीकडची खूण एक रेघ मागे आहे."

चष्मा लावून बघितलं. होती. चाक तेवढं तिरकं बसलं होतं, आणि पाच दिवस मी तशीच चालवत आले होते. मोठा रिंगपाना अजून तिच्याच हातात होता. मी ब्रेक रॉडचा नट सैल केला, तिने एक्सलचा.